धाऊभाईंचं तिकीट

११ जानेवारी २०२६, रविवार

तिकीट मंजूर झालं! दुपारी कडाववरून नवनाथ गायकरांचा फोन आला, तेव्हा मी एका तान्ह्या बाळाचा पासपोर्टसाठी फोटो काढत होतो. बाळ रडत होतं, आई खुळखुळा वाजवत होती, आणि इकडे मीच नाचायच्या बेतात. सात फेब्रुवारीला धाऊभाईंची शंभरावी जयंती. त्या दिवशी कर्जतच्या हॉलमध्ये प्रकाशन. पाच रुपयांचं टपाल तिकीट, आणि त्यावर माझ्या अब्बांनी काढलेला फोटो.

हे जरा नीट लिहून ठेवतो. पुढे नातवंडं विचारतील.

भाई धाऊ गायकर आमच्या कर्जत-खालापूर भागातले पुढारी. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-चार वर्षांत त्यांनी डोंगरवाड्यांवरच्या ठाकर-कातकऱ्यांना एकत्र करून सावकारांची वेठबिगारी बंद पाडली. पोलीस सतत मागावर, म्हणून त्यांनी कधी कुणाला फोटो काढू दिला नाही असं सगळे सांगत. चौसष्ट साली वारले. बायको नाही, मूल नाही. जन्मशताब्दी समितीचे अध्यक्ष नवनाथराव हे त्यांचे पुतणे, पण काका गेले तेव्हा पुतण्या जन्मायचा होता. तिकिटासाठी अर्ज करायचा तर चेहरा कुठून आणणार?

तो मी आणला. दोन वर्षांपूर्वी स्टुडिओच्या माळ्यावरचे खोके साफ करताना अब्बांच्या अक्षरातलं एक पाकीट सापडलं. 'धाऊ गायकर, कडाव. तीन प्रती. १९५१.' आत काचेची निगेटिव्ह. कडावच्या विठूबाबांना फोटो मोठा करून दाखवला. धाऊभाईंना डोळ्यांनी पाहिलेले तेच एक उरलेत, वय नव्वदच्या पुढे. "व्हय, ह्योच," ते म्हणाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तरी त्यांनी लगेच ओळखलं.

बायकोला, हुस्नबानोला, बातमी सांगितली. धाऊभाईंना बावन्न साली निवडणुकीचं तिकीट नाकारलं होतं, हे मीच तिला कधीतरी सांगितलेलं. ती भाकरी थापत म्हणाली, "चला, मेल्यावर का होईना, मिळालं बिचाऱ्याला."

१३ जानेवारी

आज तिकिटाचा नमुना मोबाइलवर आला. तासभर बघत बसलो. नखाएवढा चेहरा, पण काय तेज आहे!

यात माझीही मेहनत आहे, हे इथे तरी लिहायला हरकत नाही. मूळ फोटोत अंगावर नुसती घोंगडी होती. समितीचं म्हणणं पडलं की पुढारी माणूस जरा नीटनेटका दिसायला हवा. मग मी ओसवालांच्या लग्नातल्या एका पाहुण्याचं जाकीट उचलून कॉम्प्युटरवर त्यांना घातलं. असं बसलं की शिंप्यालाही कळणार नाही. निगेटिव्हला कानाच्या वरच्या टोकाशी बुरशीचा काळा डाग होता, तोही काढला आणि कान पूर्ण करून दिला. काम बारीक होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, कारण चांगल्या रिटचिंगचा बोभाटा करायचा नसतो, असं अब्बा म्हणत.

टपाल खात्याला हमीपत्र हवं होतं, तेही गेल्या वर्षी मीच दिलं. 'सदर छायाचित्र भाई धाऊ गायकर यांचेच असून ते माझ्या वडिलांनी काढले आहे.' खाली माझी सही. माहितीपुस्तिकेत अब्बांचं नाव छापून येणार आहे. आयुष्यभर लोकांचे चेहरे छापले, स्वतःचं नाव कधी छापून आलं नाही त्यांचं.

१५ जानेवारी

शोकेसमध्ये फोटो लावला. दोन फूट बाय तीन फूट, झेंडूचा हार. बाजारपेठेतले लोक थांबून बघतात. शेजारच्या मेडिकलवाल्याने काल संक्रांतीचा तिळगूळ दिला नव्हता, तो आज घेऊन आला.

१७ जानेवारी, शनिवार

एक विचित्र प्रकार झाला.

अकराच्या सुमारास एक ठाकरीण म्हातारी शोकेससमोर उभी राहिली. डोक्यावर टोपली, त्यात आवळे आणि शिकेकाई. टोपली खाली ठेवली आणि बघतच राहिली. मला वाटलं, धाऊभाईंना मानणारी असेल. बाहेर जाऊन म्हटलं, "आजी, ओळखलंत का?"

"वळखू नाय तर काय," ती म्हणाली. "ह्यो माझा बा."

मी हसलो. लोक गांधीजींनाही बापच म्हणतात. पण ती मान हलवायला लागली.

"तसा नाय, शेट. माझा बा. कमळ्या. कोंडाण्याच्या वाडीवरचा. आमच्या कुडाला ह्योच फोटू व्हता, वाळवीनं खाल्ला. मी आवडी, त्याची पोर."

मी तिला समजावलं की हे धाऊभाई आहेत, सरकारने तपासलंय, कागद आहेत. तिने ऐकून घेतलं, टोपली उचलली आणि गेली. आवळे विकत घेतले असते तर बरं झालं असतं, उगाच अपमान झाल्यासारखी गेली. म्हातारपणी माणसाला कुणातही कुणी दिसतं. आमची अम्मी शेवटी शेवटी मला टपालवाला समजायची.

१९ जानेवारी

ती पुन्हा आली. टोपली नव्हती. म्हणजे खास याच कामासाठी कोंडाण्याहून शेअर रिक्षा करून आली. स्टुडिओच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "एक इचारू? बाच्या कानातली कडी कुनी काढली?"

"कसली कडी?"

तिने स्वतःच्या कानाचं वरचं टोक चिमटीत धरून दाखवलं. "हितं. पितळंची. मरताना बी व्हती."

त्या डागाबद्दल मी हुस्नबानोलासुद्धा बोललेलो नाही.

गिऱ्हाईक आहे असं सांगून मी आत गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. पडद्याआड उभा राहिलो आणि ती जाईपर्यंत बाहेर आलो नाही. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, आपल्याच दुकानात लपून बसलो. लाज वाटते लिहायला.

२० जानेवारी

निगेटिव्ह काढली. लाइट-बॉक्सवर ठेवून भिंगातून पाहिली. पुन्हा पाहिली.

डागाच्या खाली, मानेवर, त्याच गोलाईची एक फिकट रेघ आहे. बुरशीला सावली पडत नाही.

पण म्हणून काय झालं? धाऊभाई ठाकरांमध्ये राहिले, त्यांच्यासारखी कडी घातली असेल. का नाही घालणार? पाकिटावर नाव आहे. अब्बा चुकत नसत. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी एका गिऱ्हाइकाचा फोटो दुसऱ्याला दिला नाही.

खात्री करायला म्हणून त्या खोक्यातली आणखी पाकिटं उघडली. उघडली नसती तर झोप लागली असती. 'स्टेशन मास्तर' लिहिलेल्या पाकिटात खुर्चीवर बसलेला एक कुत्रा निघाला. 'डॉ. ओसवाल' म्हणून एक म्हैस, गळ्यात हार, शिंगांना रंग. 'मामलेदार कचेरी' या पाकिटात चार इसम, चौघांच्या हातात बेड्या.

खोपोलीला रुबिनाआपाला फोन केला. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, लहानपणी अब्बांची पाकिटं तीच लावायची. "अगं, पाकिटावर नाव कुणाचं लिहायचे अब्बा?"

"न्यायला येनार त्याचं," ती म्हणाली. "फोटोतल्याचं लिहून काय उपेग? न्यायला येनारा आपलंच नाव सांगनार ना. का रं, काय झालं?"

काही नाही म्हणालो.

२२ जानेवारी

कडावला जाऊन नवनाथरावांना सगळं सांगितलं. अंगण पत्रिकांच्या गठ्ठ्यांनी भरलंय. मंत्री येणार, दोन आमदार येणार. मला वाटलं होतं, ऐकून त्यांना धक्का बसेल. पण माणूस मोठा धीराचा. चहाचा कप खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, "हे कुनाकुनाला बोललाव तुमी?"

"कुणालाच नाही."

"झालं तर मग. मोहिद्दीनभाय, ती म्हातारी काय, आज हाय नि उद्या नाय. तुमच्या वडलांचं नाव छापलंय पुस्तकात. ते खोडायचं का आता? लोक काय म्हनतील, बापानं फोटो इकला आन् पोरानं खोटी सही केली. मला तुमची काळजी वाटते."

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. कुणीतरी माझ्या बाजूने विचार करतंय. त्यांनी सुचवलं की म्हातारीला एक चांगली फ्रेम करून द्यावी, गोड बोलावं, प्रकरण मिटवावं. निघताना पुस्तिकेची एक प्रत दिली. अब्बांचं नाव शेवटच्या पानावर आहे. मोठ्या टायपात नाही, पण आहे.

२४ जानेवारी, शनिवार

कोंडाण्याला जाऊन आलो.

फ्रेम घेऊन गेलो होतो, सागवानी पट्टीची. आवडीबाईंची वाडी लेण्यांच्या वाटेवर आहे. तिने अंगणात गोधडी अंथरली, कोरा चहा दिला. फ्रेम मांडीवर घेतली, पदराने काच पुसली. मी गोड बोलायला सुरुवात केली. तिने मला बोलू दिलं आणि मग आपलं सांगितलं. तिच्याच शब्दांत लिहितो, जितकं आठवतंय तितकं.

"धाऊभाई आमच्यातच असायचा. पोलीस आलं त्या दिशी तो वर लेन्यात व्हता. सगळ्या बाप्यांना रांगेत उभा केला. धाऊ कोन, बोला, नाय तर वाडी पेटवतो. त्याचा फोटू कुनाकडं नव्हता, कोन वळखनार? मंग माझा बा पुढं झाला. मीच धाऊ, म्हनला. आठ म्हैनं ठेवला त्याला. मारला. मंग त्यांना कळलं ह्यो त्यो नव्हं, तवा सोडला. खोकत आला घरी. धाऊभाई त्याच्या गळ्यात पडून रडला, आयस सांगायची. म्हनला, कमळ्या, तुझा फोटू काढायचा, लोकांना कळंल तू कोन व्हतास. हाताला धरून कर्जतला नेला."

माझ्या पिशवीत ती पुस्तिका होती. पान तीन: 'सन १९५० मध्ये भाईंनी आठ महिन्यांचा खडतर कारावास भोगला.'

"धाऊभाई देव मानूस," ती म्हणाली. "त्याच्यावर माझा राग नाय. पन शेट, माझ्या बानं येकदा नाव टाकलं त्याच्यासाठी. आता तोंड बी टाकायचं का?"

मी म्हणालो, बघतो. दुसरं काय म्हणणार? ती म्हणाली, "नाव बदला तेवढं." आणि फ्रेम घरात घेऊन गेली.

नाव बदला. म्हणजे तिकिटावर कमळ्या लिहा. कोण लिहिणार? सरकार पुढाऱ्याचं तिकीट काढतं, पुढाऱ्यासाठी मार खाल्लेल्याचं नाही. तिला हे सांगायला हवं होतं. सांगवलं नाही.

२५ जानेवारी

दुकान उघडलं नाही. अंगात कसकस आहे असं घरी सांगितलं.

२८ जानेवारी

टपाल खात्याच्या तेजश्री मॅडमना मुंबईला फोन केला. हमीपत्र त्यांनीच माझ्याकडून घेतलं होतं. नाव न घेता, समजा म्हणून विचारलं: समजा, तिकिटावरचा फोटो भलत्याचाच निघाला तर?

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "सर, तिकिटं छापून झालीत. चार लाख. तुम्ही समजा म्हणून विचारताय ना?"

"समजाच."

"मग समजा असं असेल, तर ज्याने लिहून दिलंय त्याने लेखी मागे घ्यायचं. फोनवर मी काही ऐकलेलं नाही. पण सात तारखेच्या आत हवं. एकदा तिकीट लोकांच्या हातात गेलं की तोच धाऊ गायकर."

संध्याकाळी हुस्नबानोला सगळं सांगितलं, कडी आणि सावलीसुद्धा. मग पत्र लिहिलं. पाच ओळींचं. पाकिटात घातलं, पत्ता लिहिला, खिशात ठेवलं.

३० जानेवारी

आज पोस्टापर्यंत गेलो. खिडकीशी दोन माणसं होती, म्हणून परत आलो. दोन माणसांची रांग काय रांग असते! पण आलो परत.

सही खोटी ठरली तर माझ्यावर केस होईल का? अब्बांचं नाव मातीत जाईल. लोक म्हणतील, एवढ्या जुन्या स्टुडिओला कोणाचा फोटो कोणाचा ते कळत नाही. मी हे स्वतःसाठी करत नाही, अब्बांसाठी गप्प आहे. अल्लाला माहीत आहे.

१ फेब्रुवारी, रविवार

नवनाथराव स्वतः घरी आले. पेढे आणले होते. मंचावर माझा सत्कार ठरलाय, शाल-श्रीफळ. हुस्नबानोलाही पुढच्या रांगेत बसवणार. म्हातारीचं विचारलं. फ्रेम दिली म्हणून सांगितलं. खूश झाले.

मग घरच्या गप्पा झाल्या. शोएबचं कसं चाललंय म्हणून दोनदा विचारलं. साजगावच्या ज्या फॅक्टरीत तो सुपरवायझर आहे तिथे कामगार पुरवायचं कंत्राट नवनाथरावांकडेच आहे. म्हणाले, "पोरगा चांगला हाय तुमचा. असाच टिकला पायजे." कामाच्या गर्दीतही माणूस आपुलकी ठेवून आहे.

ते गेल्यावर हुस्नबानो आतून बाहेर आली. तोंड उतरलेलं. पेढ्यांचा खोका तिने तसाच मेडिकलवाल्याकडे पाठवून दिला.

"अगं, एक तरी ठेवायचास."

"तुमाला खरंच कळत नाय का, तो काय बोलून गेला ते?" ती म्हणाली.

मला आधी राग आला. मग शब्द पुन्हा एकेक करून आठवले. असाच टिकला पाहिजे.

कडावला त्यांनी काय विचारलं होतं तेही आता आठवतंय. कुणाला सांगितलंत ते विचारलं. खरं आहे का, हे विचारलंच नाही.

२ फेब्रुवारी

शोएबला सगळं सांगितलं. त्याच्या मुलीची, अल्मासची, शाळा यंदाच सुरू झालीय. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "अब्बा, माझं मी बघीन. पन करायचं तर आत्ता करा. नाय तर नंतर रोज सांगत बसू नका." रागावला होता की धीर देत होता, मला समजलं नाही.

पत्र अजून खिशात आहे. घामाने कोपरे मऊ झालेत.

४ फेब्रुवारी

काल शब-ए-बरात होती. दिवस मावळायच्या आत कबरस्तानात जाऊन आलो. अब्बांच्या कबरीवर फुलं घातली, फातिहा पढलो. आणि तिथे उभं राहून त्यांनाच सगळं सांगत बसलो, की मी तुमच्यासाठीच गप्प आहे, तुमच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून.

घरी येऊन हुस्नबानोला हेच म्हणालो. ती हलव्यासाठी रवा भाजत होती. कालथा थांबला.

"अब्बांच्या नावाला काय झालंय?" ती म्हणाली. "त्यांनी फोटो कमळ्याचा काढला, तो कमळ्याचाच हाय. पाकिटावर धाऊभाईचं नाव लिवलं, न्यायला तोच आलावता. त्यांची कडी खरी, त्यांची सावली खरी. अब्बांनी सगळं बरोबर केलंन. चुकलाव तुमी. तुमी पाकीट वाचलंत, फोटो वाचलाच नाय. आन् आता त्यांच्या कबरीमागं लपताव."

छत्तीस वर्षांच्या संसारात ती मला इतकं बोलली नव्हती. मी ताडकन उठलो, चपला घातल्या, स्टेशनपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. वाटेत काय विचार केला ते आठवत नाही. राग होता आणि तो हळूहळू माझ्यावरच फिरला. अब्बा, अब्बा करत मी गेले दोन आठवडे माझी सही वाचवत होतो.

आज सकाळी साडेदहाला पत्र स्पीड पोस्टाने टाकलं. आधी त्याचा फोटो काढून तेजश्री मॅडमना पाठवला. पाच मिनिटांत त्यांचं उत्तर आलं: 'मिळालं.' एवढंच.

दुपारी जेवण गेलं. भूक लागली होती.

५ फेब्रुवारी

दिवसभर फोन नाही. मंडपवाल्याचा टेंपो हॉलसमोर खुर्च्या उतरवतोय. मी पत्र पाठवलंय हे या अख्ख्या गावात आम्हा तिघांनाच ठाऊक. चौकात धाऊभाईंचा, म्हणजे कमळ्याचा, मोठा फ्लेक्स लागलाय, ओसवालांच्या पाहुण्याच्या जाकिटात. त्याच्याखालून जाताना मान वर करवत नाही.

६ फेब्रुवारी

दुपारी बातमी आली. तांत्रिक कारणास्तव प्रकाशन रद्द. पाठोपाठ नवनाथरावांचा फोन. जे बोलले ते इथे लिहीत नाही, वही घरात राहते. शेवटी म्हणाले, "काकांच्या नावावर आता या जन्मात तिकीट निघत नाय. दुसरा फोटोच नाय ना. तुमीच दिलंत, तुमीच मारलंत."

संध्याकाळी शोएब लवकर घरी आला. सोमवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितलं त्याला. बूट काढता काढता म्हणाला, "झालं तुमचं काम?" मी हो म्हणालो. तो हसला, अगदी थोडं, आणि अल्मासला खांद्यावर घेऊन बाहेर गेला.

भीती वाटायची ती सगळी एका दिवसात झाली. आणि तरी छाती मोकळी आहे. नवल आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज जयंती. हॉलसमोर खुर्च्या परत टेंपोत चढत होत्या. तेजश्री मॅडमचा फोन आला. माझं पत्र स्वीकारलंय, चौकशी होईल, पण मी आपण होऊन कळवलं हे माझ्या बाजूने लागेल. तिकिटांचं काय, विचारलं. म्हणाल्या, नियमाप्रमाणे सगळा साठा नष्ट करतात.

शोकेसमधला फोटो उतरवला. उद्या कोंडाण्याला जाऊन आवडीबाईंना सांगणार. एवढ्या सगळ्यांत निदान तिच्या मनासारखं झालं. तिचा बाप दुसऱ्याच्या नावाने विकला जाणार नाही. तिच्या तोंडावरचा आनंद बघायला मी आतुर झालोय, खोटं कशाला लिहू.

८ फेब्रुवारी, रविवार

गेलो होतो. आवडीबाई अंगणात शिकेकाई वाळत घालत होती. लांबूनच म्हणालो, "आजी, झालं काम! तिकीट बंद पाडलं."

ती उठून उभी राहिली. "नाव बदललं?"

"नाव नाही. तिकीटच रद्द. निघणारच नाही आता."

"मंग छापल्यालं?"

"चार लाख छापली होती. ती सगळी नष्ट करणार. एकही बाहेर जाणार नाही." हे मी चांगली बातमी सांगावी तसंच सांगितलं.

"चार लाख म्हंजी किती?"

मला सांगता येईना. म्हणालो, "कर्जत, खालापूर, दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक माणसाच्या हातात एक दिलं असतं, तरी पुरलं असतं जवळजवळ."

तिने हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर सोपं होतं.

"सगळ्यांच्या हातात," ती म्हणाली. "शेट, मी नाव बदला म्हनले व्हते. बाला पुसून टाका, आसं कवा म्हनले?"

नियम, हमीपत्र, चौकशी, सगळं जिभेवर होतं. त्यातलं एकही तिच्या उपयोगाचं नव्हतं. तिने आत जाऊन पाणी आणून दिलं. मी ते उभ्यानेच प्यालो, लोटी परत दिली आणि निघालो.

वाडीच्या उतारावर शोएबचा फोन आला. काम गेलंय तरी आवाज मोकळा होता. विचारत होता, म्हातारी खूश झाली का?

"ऐकू येत नाही," मी म्हटलं, "इथे रेंज नाही," आणि फोन बंद केला.